भामाबाईचा आधीचा फोटो

भामाबाईच्या माहेरी बायका लवकर म्हाताऱ्या होत नसत. तिची आई बहात्तराव्या वर्षी गेली, तेव्हा डोक्यात मोजून आठ-दहा पांढरे केस होते. मावशी पासष्टीतही विहिरीवरून दोन घागरी आणायची. बिदरकडची ही माणसं उन्हातान्हात राबणारी, कुणी त्यांना तेल-तूप लावून जपलं नव्हतं. पण हाड चिवट, कातडी घट्ट आणि नजर शेवटपर्यंत स्वच्छ. त्यात कुणाचं काही कर्तृत्व नव्हतं. कुणाला उंची मिळते, कुणाला गोड गळा मिळतो, तसं यांना हे मिळालं होतं.

अठ्ठावन्न साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, भामा लग्न होऊन हैदराबादला गौलीगुड्यात आली. नवरा एकनाथराव बसडेपोत मेकॅनिक होता. त्याच महिन्यात त्याच गल्लीत गंगू नावाची आणखी एक नवरी आली, भालकीकडची. दोघींना तेलुगू येत नव्हतं, नळावरच्या भांडणात उर्दूतून उत्तर देता येत नव्हतं, म्हणून दोघींनी एकमेकींना धरलं ते कायमचं. पुढे गंगूचा नवरा, मुलगी भाग्यलक्ष्मी चार वर्षांची असताना, कामाला जातो म्हणून गेला आणि परतलाच नाही. गंगूने बेगम बाजारात एका ठोक व्यापाऱ्याकडे चिंच फोडायचं, मिरच्यांची देठं काढायचं काम धरलं. भामाने घरी शिलाई मशीन घेतली आणि ब्लाऊज शिवायला लागली. गंगूच्या बोटांना कायम तिखटाची आग, आणि भामाच्या गळ्यात कायम टेप. असेच दिवस गेले.

गंगू भामापेक्षा एक वर्षाने लहान. पण पन्नाशीत दोघी शेजारी उभ्या राहिल्या की लोक गंगूला भामाची सासू समजायचे. गंगू हसायची. "मिरचीनं खाल्लं ग मला," म्हणायची, "तुला काय खाल्लं? दोऱ्यानं?"

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत एकनाथराव सकाळी दाढी करता करता खाली बसले, ते उठलेच नाहीत. भामाने पंधरा दिवस धड खाल्लं नाही, केसांना तेल लावलं नाही. सोळाव्या दिवशी मुलगा विकास तिला अफझलगंजच्या स्टुडिओत घेऊन गेला, पेन्शनच्या कागदाला फोटो हवा होता म्हणून. फोटोवाला म्हणाला, "अम्मा, जरा इधर देखो." तिने पाहिलं. त्या फोटोत डोळे खोल गेलेले, गालफडं बसलेली, ओठ कोरडे, पांढऱ्या साडीचा पदर कपाळापर्यंत. स्वतःचा फोटो पाहून ती एवढंच म्हणाली, "ही कोण?" सहा प्रती काढल्या होत्या. दोन कागदांना लागल्या, उरलेल्या चार पाकिटात राहिल्या.

हळूहळू ती जेवायला लागली. झोप परत आली, मशीन परत सुरू झाली. वर्षभरात चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. पण गल्लीतल्या हळदीकुंकवाला आता तिला बोलावणं येत नसे. ज्या बायकांचे ब्लाऊज ती शिवायची, त्याच बायका संक्रांतीला तिच्या दारावरून शेजारी वाण द्यायला जायच्या आणि जाताना आवाज जरा खाली घ्यायच्या. सून रेणू चांगली होती, पण ती एका शाळेत शिकवायची. घरी आली की वह्या तपासायच्या. घरात कुणी भामाला टाकून बोलत नव्हतं. कुणी फारसं बोलतही नव्हतं.

नव्याण्णव सालच्या दसऱ्यानंतर एक बाई कपडे घेऊन आली. वंदना नाव, पुण्याची. नवरा सुरेश माधापूरकडच्या नव्या काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरच्या कामावर होता. बेगम बाजारात भांडी घ्यायला आली असताना तिने मराठी बोलणारी शिलाईवाली कुठे मिळेल म्हणून विचारलं होतं, आणि गंगूने तिला आणून पोचवलं होतं. पस्तिशीची, नीटनेटकी, बोलायला गोड. भामाने माप घेतलं, वहीत लिहिलं, आणि खिडकीजवळ सुईत दोरा ओवला. एका झटक्यात.

"काकू, चष्मा नाही लावत?"

"कशाला? दिसतं की."

"वय काय तुमचं?"

"सत्तावन्न भरलं."

वंदना तिच्याकडे बघतच राहिली. मग स्टुलावर बसली आणि दोन तास बसून राहिली. तिच्या पर्समध्ये एक डबी होती. चिरसेल नावाच्या कॅप्सूल. बाहेरच्या देशातलं संशोधन, म्हणाली, आत्ता आत्ता भारतात यायला लागलंय, नाहीतर पूर्वी आपल्याला कुठे मिळत होतं असलं काही! सुट्टीच्या दिवशी ती आणि सुरेश या कॅप्सूल विकायचे, आणि ती स्वतः रोज सहा घ्यायची. तिची आई बावन्नाव्या वर्षी गेली होती, आजी पन्नासाव्या. हे सांगताना तिचा हात डबीवर घट्ट बसला होता, ते भामाने पाहिलं. ही बाई खोटं बोलत नव्हती. तिला भीती होती, आणि त्या भीतीवर तिला औषध मिळालं होतं.

"काकू, तुम्ही घेऊन बघा. पैसे नकोत. आणि रविवारी आमच्या मीटिंगला या. गाडी पाठवते."

भामाने चार दिवस घेतल्या. घेतल्यावर अर्ध्या तासात तोंड लालबुंद व्हायचं, मानेला खाज सुटायची, कान तापायचे. वंदनाला सांगितलं तर ती आनंदली. "पेशी जाग्या होतायत! हेच लक्षण." भामाला ती जाग सोसेना. पाचव्या दिवसापासून तिने डबी फडताळात ठेवली. पण रविवारी मात्र ती गेली, कारण दारात खरोखरच पांढरी गाडी आली होती, आणि गल्लीतल्या बायका बघत होत्या.

सिकंदराबादच्या हॉटेलात थंडगार हॉल, दोनशे खुर्च्या. पडद्यावर चित्रं दाखवत सुरेश बोलत होता. कुठे मराठी, कुठे हिंदी, मधेच तेलुगू. शरीर म्हणजे एक शहर. प्रत्येक पेशी म्हणजे घर. प्रत्येक घरात एक छोटं वीजघर. वय वाढतं म्हणजे काय होतं? व्होल्टेज पडतं. दिवे मिणमिणतात, पंखा फिरत नाही, फ्रिजमधलं नासतं. चिरसेल काय करतं? व्होल्टेज परत आणतं. रोज चार तास वीज जाणाऱ्या शहरातल्या माणसांना हे लगेच समजलं. माना डोलायला लागल्या.

मग त्याने भामाला वर बोलावलं. "सांगा बरं, या ताईंचं वय किती?"

"बयालीस!" "चाळीस!" "पंचेचाळीस!"

"सत्तावन्न!" सुरेश ओरडला, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की भामाच्या अंगावर काटा आला. कोणी तिच्या कपाळाकडे बघत नव्हतं. कुंकू आहे की नाही, कुणाला पडली नव्हती. खाली उतरल्यावर बायका रांग लावून तिच्या गालाला हात लावून गेल्या. एकीने तर वाकून नमस्कार केला. अडीच वर्षांत कुणी तिला वाकून नमस्कार केला नव्हता.

सुरेशने तिने कॅप्सूल घेतल्या असं म्हटलं नव्हतं. आणि नाही घेतल्या असंही म्हटलं नव्हतं. भामाही काही बोलली नाही. एवढंच.

पुढच्या आठवड्यात वंदना आली. "काकू, तुमचा एखादा जुना फोटो असेल? म्हणजे जरा थकलेला वगैरे?"

भामाला तेव्हाच कळलं फोटो कशाला हवाय ते. ती फडताळाशी गेली, पाकीट काढलं. क्षणभर हातात धरून उभी राहिली. नवरा जाऊन सोळा दिवस झालेल्या बाईचा तो चेहरा. मग तिने एक प्रत वंदनाच्या हातात दिली. वंदनाने विचारलं नाही हा कधीचा, आणि भामाने सांगितलं नाही.

महिन्याभरात गुळगुळीत कागदाचं पत्रक छापून आलं. डावीकडे तो फोटो, खाली 'आधी'. उजवीकडे गुलाबी साडीतली हसरी भामा, खाली 'एकशे ऐंशी दिवसांनंतर'. विकासने पत्रक पाहिलं आणि आईकडे पाहिलं. "आई, हा बाबा गेले तेव्हाचा ना?"

"हो."

"मग?"

"मग काय? कुणाचं काय नुकसान झालं त्यात? विटामिनच्या गोळ्या त्या."

विकास कुरिअरच्या कचेरीत दिवसभर लोकांशी वाद घालून यायचा. घरी त्याला वाद नको असे. त्याने पत्रक घडी करून टीव्हीखाली ठेवलं.

गंगूच्या हातात ते पत्रक बेगम बाजारातच पडलं. संध्याकाळी ती धापा टाकत आली. तिची वेळ तेव्हा वाईट चालली होती. व्यापाऱ्याच्या मुलाने काटेदनला मसाल्याचा कारखाना टाकला होता. मशीनवर दळण, मशीनवर पाकिटं, टीव्हीवर जाहिरात. चिंच फोडणाऱ्या बायकांना त्याने सांगून टाकलं होतं, पाकिटं भरायला घेईन, पण पंचेचाळीसच्या वरची नको. गंगू छप्पन्नची होती आणि पासष्टची दिसत होती.

"भामे, मला दे त्या गोळ्या."

"तुला कशाला ग? शुगर आहे तुला."

"शुगरच्या गोळीनं शुगर जाते. म्हातारपण कुठं जातंय? त्या पोरासमोर उभं राहायचंय मला. पंचेचाळीस सांगनार हाये मी. त्यानं हसू नये, बस."

भामाने सांगायला तोंड उघडलं होतं. अग, मी जन्माची अशीच, माझी आई अशीच, तू तिला पाहिलंयस. पण फडताळात आठ डब्या न उघडता पडून होत्या. दर आठवड्याला वंदना दोन पाठवायची. भामाला वाटलं, विटामिनच आहेत, जिवाला बरं वाटेल, मनाला उभारी येईल. आणि खरं सांगायचं तर तिला हेही वाटलं की आता गंगूला खरं सांगितलं तर उद्या बाजारभर होईल, आणि रविवारची पांढरी गाडी यायची बंद होईल. तिने आठही डब्या गंगूच्या पिशवीत घातल्या.

"तू खातीस ना?" गंगूने विचारलं.

"खाते की," भामा म्हणाली.

गंगूचं तोंड लाल व्हायला लागलं, तशी ती खूश झाली. वंदना तिला भेटली तेव्हा म्हणाली, हळूहळू शुगरची गोळी कमी करता येईल मावशी, रासायनिक औषधं पेशींना दाबून ठेवतात, हे त्यांना मोकळं करतं. गंगूने आधी गोळी अर्धी केली, मग सोडली. दवाखान्याची रांग तशीही तिला नको असायची. चिरसेलच्या मात्र ती दुप्पट घ्यायला लागली. लवकर गुण यावा म्हणून.

दोन हजार साली उन्हाळ्यात कारखान्याच्या पोराने तिला खरंच घेतलं. कशाच्या जोरावर घेतलं कोण जाणे. बहुधा जुनी माणसं सोडून जायला लागली होती आणि हंगाम तोंडावर होता. पण गंगूची खात्री झाली. ती पेढे घेऊन आली. "बघ! पंचेचाळीस म्हनलं, त्यानं मान डोलवली."

त्याच दिवशी तिने दोन नव्या ब्लाऊजांचं कापड आणलं होतं. भामाने टेप लावली. छाती दोन इंच कमी. दंड सव्वा इंच कमी. खांद्याची हाडं बोटांना लागत होती.

"किती बारीक झालीस ग?"

"वीस वर्षांची झाले!" गंगू हसली, मग म्हणाली, "पानी दे. उन्हाळा कसला हाये यंदा, घशाला कोरडच."

तिने एका दमात दोन तांबे पाणी प्यायलं आणि तिसरा मागितला.

ती गेल्यावर भामाने मापांची जुनी वही काढली. तीस वर्षांत तिने या भागातल्या बायकांची मापं लिहून ठेवली होती. मुलगी वयात आली की काय वाढतं, बाळंतपणानंतर काय ढळतं, पन्नाशीनंतर खांदे किती खाली येतात आणि पाठ किती वाकते, हे तिला डॉक्टरला नसेल इतकं ठाऊक होतं. तिच्या गिऱ्हाइकांतल्या अकरा बायका सहा महिने चिरसेल घेत होत्या. तिने एकेकीचं माप शोधलं, आधीचं आणि आत्ताचं. खांदे तिथेच. पाठीचा बाक तितकाच, दोघींचा तर वाढलेला. सहा महिने पेशींना वीज मिळूनही एकीचीही पाठ पाव इंच सरळ झाली नव्हती. फक्त गंगूची मापं हलली होती, आणि ती ज्या बाजूला हलली होती ती बाजू भामाने पूर्वी पाहिली होती. क्षय झालेल्या बाईची मापं तशी हलतात. खंगत चाललेल्या बाईची.

तिने वही मिटली. उद्या गंगूला दवाखान्यात नेऊ, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि गाडी आली. सोमवारी गंगू कारखान्यात. मग लग्नसराई आली, शिवणाचा ढीग पडला. ठरवलेलं राहून गेलं. राहून गेलं असं भामा पुढे स्वतःला सांगायची. पण राहून जाणं वेगळं आणि राहू देणं वेगळं, हे तिला कळत होतं.

ऑगस्टमध्ये कारखान्यात पत्र्याची कड गंगूच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लागली. एवढीशी जखम. हळद लावून तिने फडकं बांधलं. बारा दिवसांनी भाग्यलक्ष्मी निजामाबादहून आईला भेटायला आली, तेव्हा घरात शिरल्या शिरल्या तिने नाकाला पदर लावला.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने रक्त तपासलं आणि भाग्यलक्ष्मीवरच ओरडला. साखर चारशेच्या वर. "गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून बंद केल्या?" गंगूने उशाखालून डबी काढून दाखवली. डॉक्टरने मागची बारीक अक्षरं वाचली. "यातलं हे विटामिन एवढ्या मोठ्या मात्रेत घेतलं की साखर वाढते कधी कधी. तोंड लाल होतं ते यानेच. आणि तुम्ही दुप्पट घेत होतात?"

"हे घेऊन मानूस तरुण नाही होत?" गंगूने विचारलं.

डॉक्टर दमलेला होता. तिसऱ्या पाळीला उभा असावा. "अम्मा, उंदरांवर प्रयोग चालू आहेत. उंदरांचं पुढे काय होतं बघू. माणसाचं असं काही झालेलं मला तरी माहीत नाही."

आधी दोन बोटं काढली. मग आठ दिवसांनी अर्धं पाऊल.

भामा रोज डबा घेऊन जायची. पाऊल काढल्यावर चौथ्या दिवशी भाग्यलक्ष्मी औषध आणायला खाली गेली, तेव्हा भामा खाटेच्या कडेला बसली आणि सगळं बोलली. मी त्या गोळ्या चार दिवसांच्या वर कधी घेतल्या नाहीत. तुला दिल्या त्या माझ्याच होत्या. तो फोटो विकासचे बाबा गेले तेव्हाचा. मी अशीच आहे ग, आधीपासून.

गंगू छताकडे बघत होती.

"मला माहीत नव्हतं होय?" ती शेवटी म्हणाली. "चाळीस वर्षं बघायले तुला. तुझ्या आईला पाहिलं. तो फोटो काढून आलीस तेव्हा तुझ्या तोंडात घास मीच घातला होता."

"मग? मग घेतल्यास कशाला?"

"तू तिथं वर उभी राहिलीस. एवढे शिकलेले लोक टाळ्या वाजवायले. मला वाटलं, मीच येडी. मला वाटलं, भामाला काहीतरी कळलं असंल जे मला कळत नाही. आनि मी विचारलं होतं तुला. खातीस ना, म्हनून विचारलं होतं."

भामाने तिचा हात धरला. गंगूने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. तिखटाने भेगाळलेला तो हात भामाच्या हातात नुसता पडून राहिला.

पुढच्या रविवारी गाडी आली तेव्हा भामा मुद्दाम गेली. तिने गुलाबी साडी नेसली नाही, पांढरी नेसली. त्या दिवशी हॉलमध्ये चारशे लोक होते, मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब आले होते. सुरेशने वयाचा खेळ केला, टाळ्या झाल्या, पडद्यावर दोन्ही फोटो आले. भामाने त्याच्या हातातला माइक मागितला. तिने कधी माइक मागितला नव्हता. सुरेशला कौतुक वाटलं.

"हा फोटो," ती म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. "हा माझा नवरा मेला त्याच्या सोळाव्या दिवसाचा. मी पंधरा दिवस जेवले नव्हते. मी या गोळ्या घेतल्या नाहीत. मी जेवले, झोपले, म्हणून बरी झाले. माझी मैत्रीण या गोळ्या घेत होती. तिचा पाय कापला."

पुढच्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला. भामाला वाटलं, झालं. आता उठतील, डब्या फेकतील, कुणीतरी मला दोन शिव्या देईल. त्याची तिने तयारी केली होती.

सुरेशने हळुवारपणे माइक तिच्या हातातून काढून घेतला. त्याचा चेहरा पडला होता, पण क्षणभरच. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचा आवाज भरून आल्यासारखा झाला. "बघितलंत? एवढं दुःख. नवरा गेलेला. जिवलग मैत्रिणीवर असा प्रसंग. त्यातूनही ताई आज आपल्यासमोर ताठ उभ्या आहेत. अठ्ठावन्नाव्या वर्षी! दुःख माणसाला पोखरतं. पण पेशी मजबूत असतील तर माणूस मोडत नाही. ताईंसाठी एकदा..."

आणि हॉल उठला. चारशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. मुंबईचे साहेबसुद्धा उभे होते. भामा मधोमध पांढऱ्या साडीत उभी, आणि तिने काय सांगितलं ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

जिन्यात वंदनाने तिला गाठलं. "काकू, तुम्ही घेतल्याच नाहीत? खरंच?"

"नाही."

वंदनाचा चेहरा पांढरा झाला. "मी तीन वर्षं रोज सहा घेतेय," ती म्हणाली. भामाला क्षणभर तिची कीव आली. मग वंदना म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला फसवलंत." ती वळून परत हॉलकडे गेली.

चिरसेलची कंपनी आणखी दीड वर्ष चालली. मग एक दिवस तिच्या कचेरीला कुलूप लागलं. सुरेशला अमेरिकेत नोकरी मिळाली होती, वंदनाही गेली. त्यांच्या फ्लॅटच्या गच्चीवर खोकीच्या खोकी पडली होती, ती वॉचमनने रद्दीवाल्याला दिली. अकरा बायकांपैकी चौघी नव्या कुठल्यातरी कंपनीची पावडर दुधातून घ्यायला लागल्या. त्यांच्यातली एक भामाला म्हणाली, "ते चिरसेल जरा कमी पॉवरचं होतं, नाही?"

गंगूची कारखान्यातली जागा गेली ती गेलीच. भाग्यलक्ष्मी तिला निजामाबादला घेऊन गेली. तिकडे घरोघर विड्या वळायचं काम चालतं. बसून करायचं, पाय लागत नाही. दोन हजार दोनच्या मार्चमध्ये भामा गौलीगुड्याहून बस धरून तिकडे गेली. गंगू ओट्यावर बसली होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. डोळे अधू झाले होते, पण बोटं चालत होती. भामा समोर बसली. दुसरी कात्री घेऊन तिने पानं कातरायला सुरुवात केली. दोन तास दोघी काम करत राहिल्या. गल्लीतल्या कुणाकुणाचं काय झालं ते भामा सांगत होती. गंगू हुंकार देत होती.

निघताना भामा म्हणाली, "मी त्या हॉलात सगळं सांगितलं ग. सगळ्यांसमोर."

"भागीनं सांगितलं मला," गंगू म्हणाली. "बरं वाटलं असंल तुला."

भामाने पिशवी उचलली.

"नको येत जाऊ," गंगू म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. "तू आलीस की पाय दुखतो. नाही तिथं दुखतो."

तरी दिवाळीत भामा पुन्हा गेली. बरोबर चकल्या होत्या आणि शिवलेले दोन ब्लाऊज होते, अंदाजाने शिवलेले. दारात भाग्यलक्ष्मी आडवी आली. पिशवी घेतली, पाणी दिलं, बस कितीची आहे ते विचारलं.

"आई झोपलीय मावशी," ती म्हणाली.

आतून कात्रीने पानं कातरल्याचा आवाज येत होता. भामाने तो ऐकला, भाग्यलक्ष्मीनेही ऐकला. भामाने पेला खाली ठेवला आणि चप्पल घातली.